गाणं शेअर करताना गीतकाराचं नाव नाही टाकलं तर काय बिघडतं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तू गिटारवर 'मी डोलकर' म्हटलंस, रील टाकलंस, खाली 'पारंपरिक कोळीगीत' असं लिहिलंस आणि एका काकांनी झापलं की शांताबाईंचं नाव कुठंय. तुझं म्हणणं, मी यातून एक रुपया कमवत नाही, गाणं आजोबांच्या काळातलं, अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, लताबाई आणि हेमंतकुमार दोघांनाही हॅशटॅग केलं होतं, मग गीतकाराचं नाव टाकलं काय नि नाही टाकलं काय, खरंच काही फरक पडतो का.

पडतो. तू म्हटलं तर चालेल ना, वयाने माझ्या मुलाएवढा दिसतोस. मी १९९४ पासून या धंद्यात आहे, कॅसेटच्या जमान्यात अ‍ॅरेंजर होतो, हार्मोनियम घेऊन स्टुडिओत बसायचं, ढोलकीवाल्याला ठेका सांगायचा, कोरसच्या पोरींना वडापाव सांगायचा, सगळं. नंतर कॅसेट मेल्या आणि मी जुन्या गाण्यांचे कॅटलॉग डिजिटलवर चढवायच्या कामाला लागलो. म्हणजे कुठलं गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, गायलं कुणी, साल कुठलं, हे तक्त्यात भरत बसायचं. बायको म्हणते तू संगीतात नाहीसच, तू गाण्यांचा तलाठी आहेस. खोटं नाही ते. गाण्याचा सातबारा असतो आणि त्यावरचं नाव एकदा चुकलं की ते दुरुस्त करताना किती चपला झिजतात हे मी बघितलंय, आणि त्यातलं एक नाव मीच चुकवलंय, ते पुढे सांगतो.

आधी तुझं डोलकर. शब्द शांता शेळके, चाल हृदयनाथ मंगेशकर. 'राजा सारंगा', 'वादळवारं सुटलं गो' ही पण याच दोघांची. शांताबाई कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाई, कोळीवाड्यात जन्मलेल्या नाहीत, होडीवर वाढलेल्या नाहीत, आणि तरी त्यांनी ती बोली अशी काही पकडली की आज लग्नाच्या हळदीत ते गाणं वाजतं तेव्हा लोकांना वाटतं हे वेसाव्याच्या किनाऱ्यावर आपोआप उगवलंय. आता बघ, ही तर त्यांची कमाल, आणि तू 'पारंपरिक' लिहिलंस की नेमकी तीच कमाल पुसली जाते, म्हणजे जितकं चांगलं लिहिलं तितकं नाव लवकर गेलं! आणि दुसरीकडून कोळी-आगरी लोकांवर पण अन्याय, कारण त्यांची खरीखुरी पारंपरिक गाणी आहेत, लग्नात धवलारीण बसून धवले म्हणते ती, ती वेगळी चीज आहे, ती कुणी ऐकतच नाही कारण 'पारंपरिक कोळीगीत' शोधलं की रेकॉर्डिंगसाठी लिहिलेली गाणीच वर येतात.

हे एकाच गाण्याचं नाही. आषाढी आली की बघ, 'इंद्रायणी काठी' संतांचा अभंग म्हणून फिरतो. ते गदिमांचं आहे, 'गुळाचा गणपती' या १९५३ च्या सिनेमातलं, चाल पु. लं.ची आणि आवाज भीमसेनजींचा. 'कानडा राजा पंढरीचा' पण गदिमाच, 'झाला महार पंढरीनाथ' मधलं, पण लोक त्याची ज्ञानेश्वरांच्या 'कानडाऊ विठ्ठलू' शी गल्लत करतात, दोन्हीत कानडा आहे ना म्हणून. 'देव माझा विठू सावळा' लिहिलं सुधांशुंनी. बालगीतांच्या कार्टून व्हिडिओवाल्यांनी तर कहर केलाय, 'नाच रे मोरा' च्या खाली पारंपरिक बालगीत. गदिमांचंच ते, 'देवबाप्पा' मधलं. 'सांग सांग भोलानाथ' पाडगावकरांचं, 'असावा सुंदर चॉकलेटचा बंगला' राजा मंगळवेढेकरांचं. आता मला सांग चॉकलेटचा बंगला कुठल्या परंपरेत येतो, ज्ञानेश्वरांच्या काळी चॉकलेट होतं का.

आणि 'जय जय महाराष्ट्र माझा'. २०२३ साली ते राज्यगीत झालं, शाळेत, सरकारी कार्यक्रमात वाजतं, पण दहा जणांना विचार कुणाचं, नऊ जण सांगतील शाहीर साबळेंचं. गायलं साबळेंनी, प्रश्नच नाही, आणि काय गायलंय. शब्द राजा बढे आणि संगीत श्रीनिवास खळे. तू म्हणतोस गायकाचं नाव टाकलं ते पुरे नाही का, तर हे बघ काय होतं ते. गाणं ज्याच्या तोंडातून ऐकलं त्याचं होऊन जातं. गंमत म्हणजे एकेकाळी उलटं होतं, १९४९ च्या 'महल' मधल्या 'आयेगा आनेवाला' च्या रेकॉर्डवर लताबाईंचं नावच नव्हतं, 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव. गायकांनी भांडून आपलं नाव मिळवलं. गीतकारांच्या मागे तेवढी ताकद कधी उभी राहिली नाही, चेहराच दिसत नाही ना त्यांचा.

पण आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं बरं का. म्हणून तर नाव गाण्यातच विणून टाकायचे. तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी, चोखा म्हणे. शाहिरांच्या लावण्या-पोवाड्यात शेवटच्या कडव्यात नाव येतं, पठ्ठे बापूरावांचं घे, अगदी अलीकडे वामनदादा कर्डकांच्या गाण्यात 'वामन' येतो. छापखाना नव्हता, लेबल नव्हतं, तेव्हा गाणं तोंडातून तोंडात जाणार आणि जाताना नाव गळणार हे त्यांना पक्कं माहीत होतं, मग त्यांनी नाव सुटं ठेवलंच नाही, शब्दांच्या आतच बसवलं, आता काढून दाखव म्हणाले.

आणि आपण काढून दाखवलं! रील ३० सेकंदाचं, त्यात धृपद आणि फार तर पहिला अंतरा. नाव असतं शेवटच्या कडव्यात. म्हणजे तुकोबांनी चारशे वर्षांपूर्वी केलेला बंदोबस्त आपण एका कटमध्ये उडवतो, आणि वर परत लिहितो अननोन.

आता माझी चूक. १९९७ साल, पुण्यात एका स्टुडिओत देवीच्या गाण्यांची कॅसेट चालू होती. कंपनीचं नाव नको, ती आता नाहीही. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, पाच गाणी बसवायची, आणि बी साइड साडेएकतीस मिनिटं होत होती. दीड मिनिट कुठून तरी कापायचं होतं. सांगलीकडचा एक गायक होता, त्याने एक गोंधळाचं गाणं आणलं होतं, एकदम ठसक्याचं, चार अंतरे. मी विचारलं कुणाचं रे हे, तर म्हणाला आमच्याकडं पहिल्यापासनं म्हणत्यात, जुनं हाय. मी म्हटलं शेवटचा अंतरा सोड. त्या अंतऱ्यात एक नाव येत होतं, मी ऐकलं होतं ते, मला वाटलं असेल कुणीतरी शंभर वर्षांपूर्वीचा शाहीर. सोडला. आणि इनलेचा, म्हणजे कॅसेटच्या डबीतल्या छापील कागदाचा, मजकूर करताना गीत या शब्दापुढे लिहिलं पारंपरिक. मालक खूश, कारण पारंपरिक म्हणजे कुणाला पैसे द्यायचे नाहीत. संगीत संयोजन म्हणून माझं नाव मात्र व्यवस्थित छापलं, थोडं ठळकच.

कॅसेट चालली. जत्रेत, रिक्षात, ट्रॅक्टरवर, सगळीकडे. नंतर ती सीडीवर गेली, सीडीवाल्याने इनले बघून टाइप केलं, पारंपरिक. मग कॅटलॉग दुसऱ्याने घेतला, डिजिटलवर चढला, त्यांनी सीडी बघून टाइप केलं, पारंपरिक. लोकांनी तिथून उतरवून आपापल्या चॅनेलवर टाकलं, तिथेही तेच. एकाने लिहिलेली चूक, बाकी सगळ्यांनी इमानेइतबारे कॉपी केली.

२०१६ मध्ये मला एका बाईंचा फोन आला. तुम्हीच का ते, कॅसेटवर संगीत संयोजन तुमचं नाव आहे ते. म्हटलं हो. म्हणाल्या ते गाणं आमच्या सासऱ्यांचं आहे. माझ्या पोटात गोळाच आला, कारण त्यांनी जे नाव सांगितलं तेच त्या कापलेल्या अंतऱ्यात होतं, एकोणीस वर्षांनी मला ते लख्ख आठवलं. आणि बघ हं, मी कसा सापडलो त्यांना? माझं नाव छापलं होतं म्हणून. त्यांचं नव्हतं म्हणून मला ते एकोणीस वर्षं सापडले नाहीत.

गेलो मी तिकडे. आप्पा म्हणतात त्यांना घरात, तेव्हा ऐंशीला टेकले होते, एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर. खाकी पुठ्ठा लावलेली दोनशे पानी वही काढली, त्यात गाणं, वर १९७४ आणि 'कलापथकासाठी' असं लिहिलेलं, खाली सही. आधी वे-बिलाच्या, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदाच्या, पाठीमागे लिहायचो म्हणाले, मुक्कामी गाडी असली की रात्री डेपोत बसून, मग वहीत उतरवायचो. चारही अंतरे होते. मी चौथा वाचला आणि काय बोलावं सुचेना, म्हटलं आप्पा हा मी कापला होता. ते म्हणाले, कापायचाच हुता तर दुसरा कापायचा की, दुसरा जरा ढिलाच हाय.

रागावले नाहीत. पण नंतर चहा पिताना सुनेने सांगितलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. नातीच्या शाळेच्या गॅदरिंगला त्याच गाण्यावर डान्स बसवला होता, आप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर, आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइकवर सांगितलं आता सादर होत आहे पारंपरिक गोंधळगीत. नात घरी आल्यावर आप्पा म्हणाले अगं ते माझं गाणं. तर ती हसली, म्हणाली आप्पा काहीपण, ते जुनं गाणं आहे, यूट्यूबवर लिहिलंय. स्वतःच्या नातीला पटेना.

दुरुस्तीला सात महिने लागले. वहीच्या पानांचे फोटो, माझं स्वतःचं लेखी, की मी चुकीचं नाव दिलं, गायकाचं लेखी, ज्यांच्याकडे कॅटलॉग होता त्यांना मेलवर मेल. मग आयपीआरएसचा मेंबरशिप फॉर्म, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी सोसायटी, १९६९ पासून आहे, तिथे पॅन, कॅन्सल चेक, गाण्यांची यादी असं सगळं दिलं. पहिली रक्कम आली ती सांगत नाही, कोल्हापूर-पुणे एस.टी.चं जाऊन-येऊन तिकीट निघेल इतपत, पण आप्पांनी पासबुकात एंट्री मारून आणली आणि सुनेकडून मला फोटो पाठवला.

तर मी कमवत नाही हे तुझं म्हणणं खरं असेल, पण प्रश्न तुझ्या कमाईचा नाहीच. गाणं प्लॅटफॉर्मवर वाजतं तेव्हा कुठेतरी थोडा पैसा हलतो, आणि तो नावावर हलतो. रेकॉर्डिंगला एक नंबर असतो, आयएसआरसी म्हणतात, बारा अक्षर-अंकांचा. शब्द आणि चाल मिळून जी रचना, तिला वेगळा नंबर, आयएसडब्ल्यूसी. या दोन नंबरांची गाठ बसली तर गीतकारापर्यंत वाटा जातो, नाहीतर तो हिशोबात 'माहीत नाही' च्या खात्यात पडून राहतो. आणि मराठी नावांचे हाल विचारू नको. गदिमांचं नाव मी रोमन लिपीत सहा-सात प्रकारे लिहिलेलं बघितलंय, कुठे आद्याक्षरं, कुठे गजानन, कुठे माडगूळकरचा नुसता एम. प्रत्येक स्पेलिंग म्हणजे मशीनला नवीन माणूस. तुझ्या रीलच्या कॅप्शनवरून कुणी रॉयल्टी वाटत नाही, हे कबूल. पण जो उद्या ते गाणं रेकॉर्ड करेल, डिस्ट्रिब्युटरचा फॉर्म भरेल, तो आधी सर्च करून बघेल आणि समोर जे दिसेल ते भरेल. मीही तेच केलं होतं की, फक्त माझ्याकडे गूगलच्या जागी गायक होता.

आता कायद्याचं. मी वकील नाही पण या कामात इतकी वर्षं घासल्यावर काही कलमं पाठ होतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द वेगळी कृती आणि संगीत वेगळी कृती, आणि रेकॉर्डिंग तिसरी. संगीताच्या व्याख्येत तर स्पष्ट लिहिलंय की त्यात शब्द येत नाहीत. आणि कलम ५७ म्हणतं की हक्क विकून टाकले तरी ही कृती माझी आहे हे सांगायचा हक्क लेखकाकडेच राहतो, आणि नाव खराब होईल अशी मोडतोड केली तर आक्षेप घ्यायचाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर लेखक गेल्यावर वारसांनाही हे नाव सांगता येतं, आधी त्यांना तेवढं येत नव्हतं. त्याच दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला समान वाटा असा पक्का केला की तो सोडून देतो म्हणून सही केली तरी चालत नाही, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले होते. गंमत अशी की रेकॉर्डिंगवर काय छापायचं हे सांगणारं कलम ५२ए आहे, त्यात रेकॉर्डिंग काढणाऱ्याचं नाव-पत्ता, कॉपीराइट मालकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं साल एवढंच मागितलंय. गीतकाराचं नाव छापाच असं त्यात नाही. माझ्या त्या इनलेवर तेवढं सगळं बरोबर होतं.

आणि जुनं गाणं म्हणजे मोकळं गाणं हा सगळ्यात मोठा गैरसमज. शब्दांचं आणि चालीचं कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, रेकॉर्डिंगचं प्रकाशनानंतर ६० वर्षं, दोन्ही पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजायचं. इंद्रायणी काठीच धर. रेकॉर्डिंग १९५३ चं, त्याची मुदत २०१३ संपताना संपली. गदिमा १९७७ ला गेले, शब्द २०३७ अखेरपर्यंत. पु. ल. २००० साली गेले, चाल २०६० अखेरपर्यंत. एकाच गाण्याला तीन घड्याळं. मालकी कुणाकडे आहे, निर्मात्याकडे की कंपनीकडे, तो आणखी वेगळा घोळ. शांताबाई २००२ ला गेल्या, म्हणजे तुझ्या डोलकरचे शब्द २०६२ संपेपर्यंत.

यावरून एक गोष्ट नीट डोक्यात ठेव, श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. खाली 'क्रेडिट टू ओनर' लिहिलं, 'कॉपीराइटचा भंग करायचा हेतू नाही' असं लिहिलं, तर काहीही होत नाही, लोक गाडीला लिंबू-मिरची बांधतात तसं ते लिहितात. मोठ्या प्लॅटफॉर्म्सचे म्युझिक कंपन्यांशी, सोसायट्यांशी करार असतात म्हणून बऱ्याचदा तुझ्यासारख्यांचा कव्हर व्हिडिओ, म्हणजे दुसऱ्याचं गाणं स्वतः म्हटलेला, उडत नाही, फक्त क्लेम, म्हणजे हक्कदाराचा दावा, येतो आणि जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे जातात. नाव टाकलंस तरी क्लेम येणार, नाही टाकलंस तरी येणार. पुढे मागे ते गाणं रीतसर रिलीज करायचं ठरवलंस तर लायसन्सचं बघावं लागेल, तेव्हा वेगळं विचार, तो अर्ध्या दिवसाचा विषय आहे. नाव टाकणं ही परवानगीच्या बदल्यात द्यायची गोष्ट नाही, परवानगी असली तरी टाकायचं, तुकोबांसारखं कॉपीराइट कधीच नव्हतं तिथेही टाकायचं.

अजून एक, जे तुझ्या लक्षात आलं नसेल. तू स्वतः गायलेलं रील टाकलंस की इन्स्टा त्या आवाजाला आपोआप 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणतं आणि पुढे तुझं हँडल लावतं. मी जाऊन बघितलं, तुझ्या आवाजावर अजून बऱ्याच जणांनी रील केलीत, होड्या, सूर्यास्त, एकाने बोंबील वाळत घातलेत, आणि प्रत्येकाच्या खाली ओरिजिनल ऑडिओ म्हणून तुझं नाव. तू काही खोटं बोलला नाहीस, पण तिथे नवीन येणाऱ्याला काय दिसतं? हे गाणं या पोराचं. त्या ऑडिओचं नाव बदलायची सोय असते, तिथे 'मी डोलकर, शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर, कव्हर' असं टाक. दोन मिनिटांचं काम.

बाकी ठिकाणी नाव लिहिताना माझी पद्धत रेडिओवाल्यांची. आकाशवाणीवर निवेदक कसं सांगायचे, गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमुक. तीन नावं, त्याच क्रमाने, कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळीत, कारण त्याच्या खालचं 'अजून पाहा' च्या आत जातं आणि तिथे कुणी जात नाही. नाव देवनागरीत लिही आणि पूर्ण लिही. हॅशटॅगच्या ढिगात टाकू नको, ते श्रेय नाही, तो मसाला झाला. व्हॉट्सअ‍ॅपला फाइल पाठवणार असशील तर फाइलच्या नावातच टाक, मेसेज मागे राहतो, फाइल पुढे जाते.

नाव शोधायचं कुठे, तर 'आठवणीतली गाणी' ही साइट बघ, गीतकार, संगीतकार, स्वर, चित्रपट सगळं नीट दिलेलं असतं, आम्ही धंद्यातले लोक सुद्धा गुपचूप तिथेच बघतो. जुनी रेकॉर्ड किंवा कॅसेटचं कव्हर मिळालं तर त्याचा फोटो. अधिकृत अपलोडच्या खाली येणारी नावं पण बघ, पण त्यावर डोळे मिटून विश्वास नको, तिथला माल माझ्यासारख्यांनीच भरलेला आहे. टोपणनावांचं पण भान ठेव, 'आनंदघन' म्हणजे संगीतकार म्हणून लता मंगेशकर, आणि 'वसंत अवसरे' या नावाने शांताबाईंनीच गाणी लिहिलीत, त्यांना दोन वेगळी माणसं समजू नको.

नाहीच सापडलं तर? तर सरळ लिही, गीतकाराचं नाव मला मिळालं नाही, कुणाला माहीत असेल तर सांगा. पण 'पारंपरिक' लिहू नको. पारंपरिक हा शब्द 'मला माहीत नाही' चा समानार्थी नाही, तो एक दावा आहे, की हे कुणा एकाचं नाही असं मला नक्की माहीत आहे. आणि खरं पारंपरिक असेल तरी कुणाकडून ऐकलं ते लिहिता येतंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आता त्या पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) च्या संकेतस्थळावर आहेत, तिथे ओवीबरोबर म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ओवीपेक्षा पारंपरिक आणखी काय असतं सांग? तरी नाव आहे. बहिणाबाईंच्या ओव्या-गाणी पण नुसती तोंडीच होती, मुलाने, सोपानदेवांनी ती उतरवून घेतली होती आणि अत्र्यांनी उचलून धरलं म्हणून १९५२ ला पुस्तक आलं, नाहीतर 'अरे संसार संसार' च्या खाली आज आपण खान्देशी लोकगीत लिहून मोकळे झालो असतो.

चुकीचं नाव मात्र बिननावापेक्षा वाईट. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या कविता कुसुमाग्रजांच्या, सगळे विनोद पु. लं.चे. आणि तो 'संकलित' नावाचा प्रकार, म्हणजे दुसऱ्याचं नाव खोडून खाली संकलित लिहायचं आणि शेवटी 'ज्याने लिहिलं त्याला सलाम'. अरे सलाम करतोस तर नाव विचार की त्याचं. नाव असलं की शब्दसुद्धा जागेवर राहतात, कारण मूळ कुठे तपासायचं ते कळतं, नाहीतर फणिवरवंदनाचं फळीवर वंदना व्हायला वेळ लागत नाही, ते आपण दर गणपतीत ऐकतोच.

काही जण म्हणतील, आणि खाली लिहितीलच, की गाणं लोकांच्या तोंडी गेलं, नाव विसरलं गेलं, यापेक्षा कवीला मोठा मान कुठला. छान वाटतं ऐकायला. पण हे वाक्य मी आजवर ज्यांचं नाव गेलं त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही, नेहमी दुसरेच म्हणतात. आप्पांनी म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं. आणि आप्पांच्या गाण्याच्या मूळ रेकॉर्डिंगवर आता नाव बरोबर आहे, पण नवरात्रात सर्च केलं की वर येतात त्या लोकांनी परत टाकलेल्या कॉप्या, आणि तिथे अजून पारंपरिकच. मी जमेल तिथे कमेंट टाकतो. कुणी बदलतं, कुणी ब्लॉक करतं.

तर तू रील डिलीट करू नकोस, चांगलं गायलंयस, ठेका जरा पळतोय तेवढा बघ. कॅप्शन एडिट कर, पारंपरिक काढ, तिन्ही नावं टाक, ऑडिओचं नाव बदल. काकांच्या कमेंटला उत्तर दे, डिलीट नको करू, त्यांनी आवाज चढवला असेल पण माहिती बरोबर दिली. आणि दुसऱ्या अंतऱ्यात तू एक शब्द चुकीचा म्हणतोयस, बहुतेक दुसऱ्या कुणाच्या कव्हरवरून ऐकून घेतलायस, पुढच्या वेळी मूळ रेकॉर्डिंग कानाला लावून बस.